‘ठेव तो मोबाइल’ म्हणण्याआधी: मुलांच्या दिवसात स्क्रीनला जागा कशी ठरवायची

“पुरे आता, ठेव तो मोबाइल.” ज्या घरात हे वाक्य दिवसातून चार-पाच वेळा ऐकू येतं, त्या घरासाठी हा लेख आहे. आमच्याकडे ते कित्येक महिने रोज ऐकू येत होतं. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती, धाकटा चार वर्षांचा. आधी सांगणं, मग आवाज चढणं, मग हातातून ओढून घेणं, मग रडारड. आणि दोघं झोपल्यावर त्यांच्याकडे बघत आपण एवढे का चिडलो म्हणून जीव खात बसणं. ‘रोज फक्त अर्धा तास’ असा नियम आम्ही तीनदा केला आणि तिन्ही वेळा तो आठवड्याच्या आत मोडला.

का मोडला, ते उशिरा कळलं. आम्ही स्क्रीनचा वेळ कापत होतो, पण त्या मोकळ्या झालेल्या वेळात मुलांनी काय करायचं, याचा विचार कुणीच केला नव्हता. दिवसाला भगदाड पडत होतं आणि ते बुजवायला सगळ्यात हाताशी असलेली वस्तू पुन्हा मोबाइलच होती. म्हणून इथला क्रम नेहमीपेक्षा उलटा आहे. आधी दिवसाची घडी बसवायची, मग त्यात स्क्रीन कुठे बसते ते बघायचं.

पहिली पायरी: एक आठवडा फक्त लिहा

या आठवड्यात एकही नियम बदलू नका. वहीचं एक पान घ्या आणि रोज पाच गोष्टी लिहा: किती वाजता, किती वेळ, काय बघितलं किंवा खेळलं, मोबाइल कुणी आणि का दिला, आणि बंद करताना काय झालं. मूल आठ-नऊ वर्षांचं असेल तर त्यालाच लिहू द्या. चोरून नजर ठेवून केलेल्या नोंदीचा पुढे पुरावा म्हणून वापर होतो, आणि मग बोलणीच खुंटतात. त्याच पानावर घरातल्या मोठ्यांचा वेळही लिहा. कुणी बघत नसताना नुसताच चालू असलेला टीव्हीसुद्धा लिहा, कारण मागे टीव्ही चालू असला की मोठी माणसं लहान मुलांशी कमी बोलतात आणि मुलांचं बोलणंही कमी होतं, असं अभ्यासांत दिसलेलं आहे.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना ‘का दिला’ हा. आमच्या वहीत धाकट्याच्या नावापुढे तीनच कारणं पुन्हा पुन्हा येत होती: जेवण भरवायचं होतं, आमचा कामाचा फोन चालू होता, किंवा तो रडत होता. त्याने मागितला म्हणून दिला, असं फारच थोड्या वेळा होतं. मुलीचं चित्र वेगळं होतं. तिची स्क्रीन अभ्यास संपल्यावर सुरू व्हायची आणि झोपेपर्यंत लांबायची. दोघांचं दुखणं वेगळं आणि आम्ही औषध मात्र एकच देत होतो.

रडणं थांबवायला मोबाइल देण्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी ३ ते ५ वर्षांच्या मुलांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या मुलांना शांत करायला वारंवार मोबाइल किंवा टॅबलेट दिला जात होता, त्यांच्यात पुढच्या महिन्यांत चिडणं, भावनांचा एकदम उद्रेक होणं वाढलेलं दिसलं. मुलग्यांमध्ये आणि मुळातच फार चळवळ्या मुलांमध्ये हे जास्त ठळक होतं. यातलं कारण समजायला अवघड नाही. राग आला, तो शिगेला गेला, आई-बाबांनी जवळ घेतलं आणि हळूहळू तो ओसरला, हा अनुभव मुलाला शेकडो वेळा यावा लागतो. त्यातूनच ते स्वतःला सावरायला शिकतं. दर वेळी मधेच स्क्रीन आली, तर हा सरावच होत नाही. तुमच्या वहीतही हे कारण वारंवार दिसत असेल, तर एकूण तास कमी असले तरी सुधारणा तिथूनच सुरू करा.

दुसरी पायरी: झोप आणि खेळ आधी मांडून घ्या

कागदावर चोवीस तासांची पट्टी काढा आणि ज्यांच्याशी तडजोड होणार नाही त्या गोष्टी आधी भरा. त्यात पहिली झोप. ३ ते ४ वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. आता उलटं मोजा. नऊ वर्षांच्या मुलीला सकाळी साडेसहाला उठायचं आहे आणि तिला साधारण दहा तास लागतात, म्हणजे साडेआठला ती झोपलेली हवी. त्याआधी तासभर स्क्रीन नको, म्हणजे साडेसातला सगळं बंद. हा हिशेब आम्ही पहिल्यांदा केला तेव्हा धक्का बसला, कारण आमच्या घरात साडेसातला स्क्रीन सुरू होत होती.

झोपण्यापूर्वीचा तास का सोडायचा? पडद्याचा उजेड, विशेषतः त्यातला निळा भाग, झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन उशिरा वाढू देतो, आणि लहान मुलांच्या डोळ्यांत मोठ्यांपेक्षा जास्त प्रकाश शिरतो. पण माझ्या मते उजेडापेक्षाही मोठी अडचण डोक्यातल्या खळबळीची असते. हरलेला गेम किंवा अर्धवट राहिलेली गोष्ट घेऊन अंथरुणात गेलेलं मूल लवकर झोपत नाही. पडद्याचा रंग पिवळसर केल्याने ही खळबळ थांबत नाही.

झोपेनंतर अंगमेहनतीचा खेळ. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. १ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी तर दिवसभरात मिळून १८० मिनिटं. हा खेळ जमेल तेव्हा उघड्यावर असू द्या. चीनमधल्या ग्वांगझौ शहरात पहिलीतल्या मुलांना शाळेच्या दिवशी रोज ४० मिनिटं जादा बाहेर नेलं गेलं. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या सुमारे ३० टक्के मुलांना लांबचं कमी दिसण्याचा दोष आला होता. नेहमीच्या वर्गांतल्या मुलांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास गेलं. दिवसाचा उजेड आणि लांबवर जाणारी नजर, दोन्ही वाढत्या डोळ्याला लागतात.

मग शाळा, अभ्यास, जेवणं, घरातलं एखादं काम आणि काहीच न ठरवलेला थोडा वेळ भरा. एवढं झाल्यावर पट्टीवर जी जागा उरेल, त्यातच स्क्रीन बसवायची. बहुतेक घरांत ही जागा मुलाला वाटते त्यापेक्षा बरीच लहान निघते, आणि ती आपल्या शब्दांऐवजी कागदावर दिसली की मूल वादही कमी घालतं.

तिसरी पायरी: वयाप्रमाणे मर्यादा

एक वर्षाच्या आत स्क्रीन अजिबात नको आणि दुसऱ्या वर्षातही नकोच, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस आहे. २ ते ४ वर्षांसाठी जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तम. इतक्या लहान मुलाला पडद्यावरून शिकायला फार जड जातं. तीच गोष्ट समोर बसलेल्या माणसाने करून दाखवली तर ते चटकन उचलतं. लांबच्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉलवर बोलणं मात्र वेगळं. तिथे समोरचा माणूस बाळाच्या हसण्याला हसून उत्तर देतो, त्यामुळे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१६ च्या शिफारशींत त्याला सूट दिली होती.

सहा वर्षांनंतर सगळ्या मुलांना लागू होईल असा एकच आकडा त्याच शिफारशींत दिलेला नाही, आणि ते मला पटतं. तासभर चित्र काढायला शिकवणारा व्हिडिओ थांबवत थांबवत स्वतः चित्र काढणारी मुलगी आणि तासभर अंगठ्याने रील सरकवणारी मुलगी यांचा तास सारखा कसा धरणार? या वयात आकडा तुमच्या पट्टीवरून येऊ द्या. शाळेच्या दिवशी एक, सुट्टीच्या दिवशी जास्त, असं काहीही चालेल. पण एकदा ठरलेलं आई वेगळं आणि बाबा वेगळं सांगताहेत, असं होऊ देऊ नका.

चौथी पायरी: घड्याळ न लागणारे नियम

मिनिटांचा नियम राबवायला कुणीतरी सतत पहारा द्यावा लागतो. जागेचा आणि प्रसंगाचा नियम स्वतःच उभा राहतो. आमच्याकडे टिकलेले नियम चार आहेत. जेवताना कुणाच्याही हातात, कुणाच्याही ताटाशेजारी मोबाइल नाही. झोपण्याच्या खोलीत स्क्रीन नाही. रात्री सगळे मोबाइल बाहेरच्या खोलीत एकाच जागी चार्जिंगला. आणि सकाळी शाळेत जाईपर्यंत काहीही चालू करायचं नाही. गजर लावायला मोबाइल लागतो ही सबब आम्ही साधं घड्याळ आणून संपवली.

हे नियम मुलांसोबत बसून करा, शांत वेळी, भांडणाच्या भरात नव्हे. आमच्या मुलीने स्वतःहून एक कलम घातलं: “आईबाबांनी आपल्याशी बोलताना मोबाइल उलटा ठेवायचा.” ते कलम वाचून आम्ही दोघं गप्प झालो. कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि तो कागद तिच्याच हाताने भिंतीवर लावला. त्यानंतर नियम मोडला की ती बोट दाखवायची कागदाकडे, आणि बहुतेक वेळा चूक आमची असायची.

स्क्रीन हे बक्षीस आणि स्क्रीन काढणं ही शिक्षा, असं मात्र करू नका. ‘भाजी संपव, मग मोबाइल’ या सौद्यातून मूल एवढंच शिकतं की भाजी हा त्रास आणि मोबाइल हा दागिना.

पाचवी पायरी: शेजारी बसून बघा

काय बघतंय हे लांबून विचारून कळत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा शेजारी बसा, गेम शिकून घ्या, हरून बघा. बघताना तीन गोष्टी तपासा. हे कुठे संपतं का? मुलाला यात काही करावं, ठरवावं, बनवावं लागतं का? आणि बंद केल्यावर त्यातलं काही खेळण्यात, बोलण्यात, चित्रात उतरतं का? सुरुवात-शेवट असलेली गोष्ट या कसोटीला बऱ्यापैकी उतरते. न संपणाऱ्या छोट्या व्हिडिओंची रांग तिन्हीत नापास होते. त्या रांगेतला पुढचा व्हिडिओ मजेदार निघेल की रटाळ हे कळत नाही, आणि नेमक्या त्या अनिश्चिततेमुळेच बोट थांबत नाही. मोठी माणसं जिथे अडकतात तिथे सहा वर्षांच्या मुलाने स्वतः थांबावं ही अपेक्षा अन्यायाची आहे. लहान मुलांना अशी रांग द्यायचीच नाही, असं मी स्पष्ट सांगेन.

सहावी पायरी: बंद करण्याचा क्षण

खरी लढाई इथे होते, म्हणून इथे जास्त वेळ घेते.

‘दोन मिनिटं राहिली हं’ अशी आगाऊ सूचना द्यावी, असं सगळे सांगतात. मीही तेच करत होते. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये लहान मुलांच्या घरांतल्या अशा प्रसंगांच्या नोंदी गोळा केल्या, तेव्हा निघालं ते उलटंच: दोन मिनिटांच्या सूचनेनंतर मुलं जास्त विरोध करत होती. स्क्रीन रोजच्या क्रमाचा भाग असली, एखादा भाग नैसर्गिकपणे संपला, किंवा उपकरण स्वतःच थांबलं, तर बदल सोपा जात होता. विचार केला तर पटतं. दोन मिनिटं म्हणजे काय हे चार वर्षांच्या मुलाला कळत नाही, आणि सूचना म्हणजे त्याच्यासाठी भांडण सुरू करण्याची घंटा.

म्हणून वेळेऐवजी शेवट ठरवा. चालू करण्याआधीच सांगा: “दोन एपिसोड, मग आंघोळ.” “ही लेव्हल झाली की ठेवायचं.” मित्रांसोबत चालू असलेला खेळ मधेच तोडायला लावला, तर मोठ्या मुलाची इतरांसमोर मान खाली जाते; त्याला आधीच विचारा, “एक डाव किती वेळ चालतो?” आणि वेळ कमी उरली असेल तर नवा डाव सुरूच करू देऊ नका. ऑटोप्ले बंद करा. हे एकच काम आज केलंत तरी फरक दिसेल, कारण पुढचा एपिसोड आपोआप सुरू होण्याआधीच्या त्या काही सेकंदांतच घरात ओरडा सुरू होतो.

बंद करायच्या वेळी दुसऱ्या खोलीतून हाक मारू नका. जवळ जा, मिनिटभर शेजारी बसा, काय चाललंय ते विचारा. “हा कोण? हा का पळतोय?” मुलाचं लक्ष पडद्यावरून तुमच्याकडे वळतं, मग बटण त्यालाच दाबू द्या. पुढची गोष्ट तयार असू द्या आणि ती हाताने करायची असू द्या: बादलीत पाणी भरणं, ताटं मांडणं, चेंडू घेऊन बाहेर पडणं. स्क्रीन संपताक्षणी अभ्यासाला बसवलं तर मुलाला ती दुहेरी शिक्षा वाटते.

एवढं करूनही रडणार, ते गृहीत धरा. रडू द्या. जवळ बसा, “अजून बघायचं होतं ना तुला, मला कळतंय” म्हणा, आणि मोबाइल परत देऊ नका. दहापैकी नऊ वेळा ठाम राहून दहाव्या वेळी दिला, तर मूल हेच शिकतं की रडणं पुरेसं लांबवलं की मिळतं, आणि पुढच्या वेळी ते जास्त लांबवतं. बदल सुरू केल्यावर पहिले काही दिवस रडणं वाढतंच. धाकट्याने पाचव्या दिवशी पाऊण तास आकांत केला होता, आणि मला वाटलं आपण काहीतरी भयंकर चुकतोय. दुसरा आठवडा संपेपर्यंत तो स्वतः बटण दाबून “झालं” म्हणायला लागला.

सातवी पायरी: कंटाळ्याला घरात येऊ द्या

“मला कंटाळा आलाय” हे वाक्य ऐकल्यावर आपण लगेच उपाय शोधतो. शोधू नका. पहिली पंधरा-वीस मिनिटं मूल पायात पायात येतं, कुरकुरतं, जमिनीवर लोळतं. मग कुठल्यातरी उशीचं जहाज होतं. ती पंधरा मिनिटं काढणं हे आपलं काम. त्यासाठी कागद, रंग, दोरी, रिकामी खोकी, ठोकळे, गोष्टींची पुस्तकं हाताशी आणि नजरेसमोर असू द्या, मोबाइल नजरेआड. रोज आपला पंधरा-वीस मिनिटांचा पूर्ण वेळही मुलाला द्या, ज्यात खेळ त्याने ठरवायचा. बऱ्याचदा स्क्रीनची मागणी ही आपल्या लक्षाची मागणी असते.

आठवी पायरी: सेटिंग

अँड्रॉइडवर गुगलचं फॅमिली लिंक आणि आयफोनवर स्क्रीन टाइम ही सोय मोफत आहे. झोपेच्या वेळी कुलूप, नवं ॲप घेण्याआधी तुमची परवानगी, वयाप्रमाणे गाळणी आणि गेममधल्या खरेदीला पासवर्ड, एवढं लावा. मुलाला सांगून लावा. नोटिफिकेशन जितकी बंद करता येतील तितकी करा.

नववी पायरी: बारा-तेरानंतरचं घर

इथे हुकूम चालत नाही. या वयात मित्रमंडळींचं अर्धं जग मोबाइलमध्ये असतं आणि ते तोडून टाकणं म्हणजे मुलाला एकटं पाडणं. बहुतेक समाजमाध्यमांच्या स्वतःच्या नियमांत किमान वय १३ आहे. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून अनेक मोठ्या माध्यमांवर १६ वर्षांखालच्या मुलांच्या खात्यांना बंदी लागू केली. आपल्या घरात कधी, हे ठरवताना वयाइतकंच मुलाचा स्वभाव बघा: चिडवणं, वगळलं जाणं ते कसं पचवतं?

मर्यादा मुलालाच सुचवू द्या, महिनाभर चालवून बघा, मग एकत्र बसून झोप, मार्क, मूड यांवर काय परिणाम झाला ते बोला. रात्री मोबाइल खोलीबाहेर, हा एक नियम मात्र या वयातही सोडू नका.

आणि एक वचन द्या, मोडायचं नाही असं. “ऑनलाइन कुणी घाणेरडं बोललं, फोटो मागितला, धमकी दिली, किंवा तुझ्या हातून काही चूक झाली, तर मला सांग. मी मोबाइल काढून घेणार नाही.” मुलं अशा गोष्टी लपवतात त्याचं एक मोठं कारण मोबाइल जाण्याची भीती असतं. ही भीती आधीच काढून टाकली नाही, तर ज्या दिवशी आपली सगळ्यात जास्त गरज असते, नेमकं त्याच दिवशी मूल आपल्याकडे येत नाही.

मदत कधी घ्यावी

जास्त वेळ खेळणं म्हणजे व्यसन नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत गेमिंगचा विकार नोंदलेला आहे. त्यात खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं आणि नुकसान होत असूनही तो चालूच राहणं या तीन खुणा सांगितल्या आहेत, तेही साधारण बारा महिने, आणि घर, शाळा, मैत्री यांवर ठळक परिणाम होत असेल तर. पण बारा महिने वाट बघत बसू नका. झोप सतत मोडते आहे, आवडीचे खेळ आणि मित्र सुटले आहेत, शाळा बुडते आहे, मोबाइल घेतल्यावर मूल स्वतःला किंवा इतरांना मारतं आहे, असं दिसलं तर बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा. कधी कधी स्क्रीनमागे वेगळंच काही लपलेलं असतं: शाळेतला छळ, अभ्यासातली अडचण, उदासी. तिथे मोबाइल काढून घेतला तर मुलाचा एकुलता एक आडोसा जातो आणि दुखणं तसंच राहतं.

घडी मोडल्यावर

मूल आजारी पडेल, लांबचा प्रवास असेल, मोठी सुट्टी लागेल, घरात कुणी दवाखान्यात असेल. तेव्हा स्क्रीन वाढणार. वाढू द्या, फक्त सुरू होतानाच शेवट सांगून ठेवा: “ताप उतरेपर्यंत.” “परत घरी पोचेपर्यंत.” नंतरचे तीन-चार दिवस पुन्हा रडारड होईल, पण ती पहिल्या वेळेपेक्षा लवकर ओसरते. भिंतीवरचा कागद दर तीन-चार महिन्यांनी उतरवून पुन्हा लिहा, कारण मूल वाढतं आणि जुना नियम त्याला आखूड होतो. आमचा सध्याचा कागद चौथा आहे. त्यातली तीन कलमं आता धाकट्याने सांगितलेली आहेत, आणि मोबाइल उलटा ठेवण्याचं ते जुनं कलम अजून सगळ्यात वर आहे.